गोळी घेऊनही

औषधवाल्याने पिशवीत टाकलेलं पाकीट परत बाहेर काढलं. पांढरं, निळ्या पट्टीचं. आठ वर्षं मी दुकानात दिसलो की तो ते न मागता काढून ठेवायचा. त्या दिवशीही सवयीने टाकलं आणि मग चिठ्ठी पाहिली. चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी धरून त्याने ती दुसऱ्यांदा वाचली. "ही बंद केलीय की तुमची," तो म्हणाला. "सगळंच बंद केलंय. नुसती मळमळीची गोळी ठेवलीय." मी "हो" म्हटलं. तासाभरापूर्वी छातीच्या डॉक्टरीणबाईंनी मला हेच सांगितलं होतं आणि मी मान डोलावून ऐकलंही होतं, पण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला त्या काही सांगत असाव्यात तसं. आता ते पाकीट त्याच्या हातातून फळीवर परत गेलं, बाकीच्या पाकिटांत जाऊन बसलं आणि त्यातलं माझं कुठलं ते ओळखू येईनासं झालं, तेव्हा माझ्यात काहीतरी किंचित खाली सरकलं. भीती नव्हे. भीती मला ओळखता येते, निदान पूर्वी यायची. मी लिफ्ट दुरुस्त करतो. ब्रेक झिजला की लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबते. आतल्यांना काही कळत नाही. दार उघडतं, माणसं बोलत बोलत पाऊल टाकतात आणि ठेचकाळतात. तसं झालं. मी दुकानाची पायरी उतरलो आणि रस्ता मोकळा असूनही बराच वेळ कडेला उभा राहिलो.

आमच्या घरातले पुरुष हृदयाने जातात. वडील सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, कामावर निघताना, एक बूट पायात आणि दुसरा हातात असताना. दादा, माझा थोरला भाऊ, सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. फळ्यावर किटली काढत होता, कान काढून झाला होता, तोटी राहिली होती. मुलांना वाटलं, सर पडलेला खडू उचलायला वाकलेत. पंधरवड्यातच वहिनींनी मला जवळजवळ हाताला धरून रक्त तपासायला नेलं. कोलेस्टेरॉलचा आकडा तीनशे चाळीस. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे खाण्यापिण्याचं नाही, घराण्यातून आलेलं आहे, आणि त्यांनी ती निळ्या पट्टीची गोळी सुरू केली. तेव्हापासून एक दिवस मी ती चुकवली नाही. लग्न केलं नव्हतं. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. आपण सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाणार हे ठरलेलंच असेल तर उगाच कुणाला कशाला बोलवा, एवढंच. पण मग अठ्ठेचाळीस उजाडलं, एकोणपन्नास, पन्नास. पंगत उठली तरी एखादा पाहुणा पाटावर बसूनच राहावा, तसा मी बसून होतो. रोज एक गोळी, एक घोट पाणी. दुपारी वहिनींकडे जेवण, वर माझी खोली, आणि दिवसभर लोकांच्या इमारतींतल्या अंधाऱ्या, ग्रीसच्या वासाच्या शाफ्टमध्ये, लिफ्टच्या विहिरीत, दोराला लटकलेलं असणं. कुणी विचारलं कसा आहेस, तर म्हणायचं, मजेत. ते खोटंही नव्हतं. मजेत नसल्यासारखंही काही वाटत नव्हतं.

त्यामुळे खोकला सुरू झाला तेव्हा मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शाफ्टमधली धूळ, दुसरं काय. पट्ट्याला दोन भोकं नवी पाडावी लागली तेव्हा कामावरचे म्हणाले, बारीक झालास, चांगलं केलंस. वर्षाची तपासणी झाली आणि कोलेस्टेरॉल कधी नव्हे इतकं खाली आलं, एकशे दहा. हृदयाचे डॉक्टर खूश झाले. मीही घरी येताना रिपोर्टची घडी वरच्या खिशात ठेवली होती, लोकांना दिसावी अशी. पुढे चार आठवड्यांनी एका सकाळी रुमालावर रक्त पडलं. बेडका तपासला, छातीचा फोटो काढला, आणि छातीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "क्षय आहे. बरा होतो." आयुष्यभर पुढच्या दाराशी पहारा देत बसावं आणि कुणीतरी मागच्या दाराने येऊन स्वयंपाकघरात उभं असावं, तसं मला वाटलं. मी त्यांना एकशे दहाचा रिपोर्ट दाखवला. त्या म्हणाल्या, "क्षयात असं होतं. माणूस खंगतो तसं तेही उतरतं. यात आनंद मानायचा नाही. बरे व्हायला लागलात की पुन्हा वर येईल." म्हणजे बरं होणं म्हणजे पुन्हा वडिलांच्या आणि दादाच्या रांगेत जाऊन उभं राहणं. हे मी मोठ्याने बोललो नाही.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून पुष्कळ लहान, मास्कच्या वर नुसते डोळे दिसायचे, आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. सहा महिने औषध, त्यात एक लाल औषध, त्याने लघवी केशरी होईल, दचकायचं नाही. ते लाल औषध लिव्हरला असं कामाला जुंपतं की बाकीची औषधं लिव्हर भराभर बाहेर फेकून देतं. "तुमची कोलेस्टेरॉलची गोळी त्यातच सापडते," त्या म्हणाल्या. "घ्याल तुम्ही, पण अंगी लागणार नाही."

"मग घ्यायची कशाला?"

"थोडी लागते. हृदयाच्या डॉक्टरांशी मी बोलते. दुसऱ्या जातीची देता येईल का बघू. आणि गंमत सांगू का? हा जंतू कोलेस्टेरॉल खाऊनच तग धरतो. शरीरातलं."

"म्हणजे आमच्या घराण्यात त्याची चंगळच," मी म्हटलं. त्यांचे डोळे हसले. मग त्या म्हणाल्या की कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी क्षयाच्या औषधांना हातभार लागतो का, हे काही ठिकाणी तपासून बघतायत, अजून नक्की काही नाही. "म्हणून तुम्ही आपल्या मनाने कमीजास्त काही करायचं नाही. कुणी काही सांगेल, ऐकायचं नाही." मी मान डोलावली. कुणी काही सांगेल, हे शब्द मात्र कानातून खाली उतरले आणि कुठेतरी जाऊन पडले. पडल्याचा आवाज आला नाही. शाफ्टच्या तळाशी नट पडला की आवाज यायला वेळ लागतो.

तो आवाज औषधाच्या दुकानात गेलो त्याच दिवशी सकाळी आला. सहावा आठवडा चालू होता. चार दिवस अन्न नको वाटत होतं, आणि सकाळी दाढी करताना आरशात डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लगेच रक्त काढलं, दोन तास बसवून ठेवलं आणि मग कागद पुढे धरून म्हणाल्या, "लिव्हरला सूज आहे. आता सगळं थांबवायचं. क्षयाचं थांबवायचं, कोलेस्टेरॉलचंही. लिव्हर ताळ्यावर आलं की एकेक औषध परत सुरू करू." मी विचारलं, लिव्हर कशामुळे बिघडलं, माझ्या जुन्या गोळीने का? त्या म्हणाल्या, बहुतेक क्षयाच्या औषधांनी, जुनी गोळी तर तुम्ही आठ वर्षं घेतलीत, काही झालं नव्हतं ना? काही झालं नव्हतं. आठ वर्षांत लिव्हरला काहीही झालं नव्हतं. त्यांनी ते सहज विचारलं, पेनाचं टोपण लावता लावता.

दादा असाच एका दुपारी मला शोधत आला होता. मी एका सहा मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरचं दार बसवत होतो. तो जिन्याच्या पायरीवर बसला, धाप लागली होती, कारण लिफ्ट मीच बंद ठेवलेली. खिशातून त्याने पाकीट काढलं. शाळेत शिक्षकांची तपासणी झाली होती आणि त्याला ही गोळी लिहून दिली होती. "आयुष्यभर घ्यायची म्हणतात रे," तो म्हणाला. "चार दिवस घेतली. घेऊ का पुढे?" दादाने मला असं काही विचारणं म्हणजे नवलच. लहानपणापासून विचारणारा मी आणि सांगणारा तो. माझं डोकं दाराच्या चौकटीत होतं आणि दातांत स्क्रू धरलेला. जिभेला लोखंडाची चव येत होती, ती मला अजून जशीच्या तशी आठवते. दादाचा चेहरा त्या दुपारी कसा दिसत होता ते मात्र आठवत नाही, कारण मी वळून पाहिलंच नाही. स्क्रू न काढताच मी म्हटलं, "सोड रे. लिव्हर जातं त्याने." हे मी कुठे ऐकलं होतं? कुणीतरी म्हणालं होतं. कामावर, चहा पिताना, कुणीतरी, कुणाच्या तरी मेव्हण्याबद्दल. दादा हसला, म्हणाला, "बरं झालं, मलाही नकोच होती." आणि थोडा वेळ बसून, दार कसं बसतं ते बघून गेला. सात महिन्यांनी किटली.

तो गेला त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी वहिनींना विचारलं, त्यांना औषध काही चालू नव्हतं का? वहिनी म्हणाल्या, "होतं ना. गोळी घेऊनही गेले." मी भिंतीला टेकून उभा होतो. मी ते ऐकलं आणि काही बोललो नाही. मग ते वाक्य घरात राहायलाच आलं. गोळी घेऊनही गेले. वहिनींना खरं माहीत होतं की नव्हतं, हे मला कधी कळलं नाही, आणि विचारायचं कसं? माझी गोळी सुरू झाल्यावर ती रोज गिळताना मी काहीच मनात आणायचो नाही. ती घशाखाली जायची, बस. मला वाटतं, तेव्हापासूनच मला फारसं काही वाटेनासं झालं. त्यातही दुःख नव्हतं. बसून बसून पाय झोपतो, तेव्हा तो आपला आहे हे हाताने चाचपून बघावं लागतं, तसं झालं होतं सगळ्याचंच.

दुकानातून मी घरी आलो तेव्हा वहिनी टेबलावर इस्त्री करत होत्या आणि खारू, दादाची मुलगी, केसांना टॉवेल गुंडाळून जेवत होती. खारू हे नाव दादाने ठेवलेलं, लहानपणी ती कपाटावर, खिडकीवर, मिळेल तिथे चढायची म्हणून. आता ती पंचवीस वर्षांची आहे आणि तलावावर पोहायला शिकवते. मला क्षय निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना तपासलं. दोघींच्या छातीत काही निघालं नाही. पण आमच्या घराण्याचं ऐकल्यावर त्यांनी खारूला कोलेस्टेरॉल तपासायचीही चिठ्ठी लिहून दिली, आणि खारूने ती तिथल्या तिथे घडी करून चपलेवरचा डाग पुसायला वापरली. रोज दोन तास पाण्यात असते, मला कसलं कोलेस्टेरॉल, म्हणाली. आणि असलं तर असलं.

"भावजी, डोळे बघू," वहिनींनी इस्त्री उभी केली. "हे काय झालं?"

मी सांगितलं. लिव्हर, सूज, सगळ्या गोळ्या बंद.

"तीसुद्धा?"

"तीसुद्धा."

वहिनी खुर्चीवर बसल्या. आठ वर्षं त्यांनी रोज जेवणानंतर मला विचारलंय, घेतली का? खारूने घास गिळला आणि म्हणाली, "बघ काका, मी सांगत नव्हते? बाबा गोळी घेऊनही गेले. आणि आता तुझं लिव्हर गेलं. बरं झालं मी ती चिठ्ठी फेकली. त्या गोळ्यांनी लिव्हर जातं, सगळे म्हणतात." आणि तिने पुढचा घास घेतला.

सहज म्हणाली. आवाजसुद्धा तोच, अर्धं लक्ष दुसरीकडे असलेला. ते वाक्य आठ वर्षं कुठे कुठे फिरून आलं होतं कोण जाणे, पण होतं माझंच. मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या भुवया दादासारख्या आहेत, मध्ये जुळलेल्या. तिच्या कानामागून पाण्याचा एक थेंब मानेवर उतरत होता. मला वाटलं, मी आता गप्प बसलो तर ती अजून वीस वर्षांनी तलावाच्या काठावर शिट्टी वाजवता वाजवता वाकेल, आणि मुलांना वाटेल, बाई काहीतरी उचलायला वाकल्यात. हे मला वाटलं म्हणजे डोळ्यांपुढे दिसलं एवढंच. छाती धडधडली नाही. मी अगदी लिफ्टचा बिघाड सांगावा तसा म्हणालो, "तुझे बाबा गोळी घेत नव्हते."

खारूने वर पाहिलं.

"चार दिवस घेतली. मग मला विचारायला आला, घेऊ का म्हणून. मी म्हटलं, सोड, लिव्हर जातं. म्हणून त्याने सोडली. मला काही माहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं होतं, ते मी म्हटलं."

इस्त्रीचा लाल दिवा विझला आणि पुन्हा लागला. मग वहिनी, माझ्याकडे न बघता, टेबलावरच्या सदऱ्याची कॉलर सरळ करत म्हणाल्या, "मला माहीत होतं, भावजी. त्यांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं, धाकटा म्हणतो सोड. मी तरी कुठे म्हटलं, घ्या म्हणून? बरंच वाटलं मला. आजारी माणसागत रोज गोळी काय घ्यायची, असंच वाटायचं मलाही."

"मग बाबा घेत होते असं तू का सांगितलंस सगळ्यांना?" खारूने विचारलं.

"नव्हते म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का नव्हते?" वहिनी म्हणाल्या. "मग काय सांगायचं होतं मी? याच घरात राहायचं होतं आपल्याला. तिघांनाही."

खारू उठली. ताटात हात धुतला. मला वाटलं ती ओरडेल, रडेल. ते मला चाललं असतं. ती दाराजवळ गेली, दार उघडलं आणि म्हणाली, "तुम्ही वर जा, काका." जन्मापासून ती मला अरेतुरे करत आली आहे. तिचा तो 'तुम्ही' फार व्यवस्थित होता, दुकानात अनोळखी माणसाला बाजूला व्हा म्हणावं तसा. मी वर गेलो.

मन मोकळं केलं की हलकं वाटतं म्हणतात. माझं काही हलकं झालं नाही. तीन आठवडे मी खोलीत होतो. कामावरून रजा, अंगात क्षयाचं औषध नाही, कोलेस्टेरॉलचं नाही. इतकी वर्षं माझ्यात आणि वडील-दादांच्यात ती एक गोळी उभी होती, आता मध्ये कुणीच नव्हतं. रोज सकाळी जाग आली की मी थोडा वेळ न हलता पडून राहायचो, चालू आहे का ऐकायला. चालू असायचं. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसायची, तिथे एक म्हातारा रोज त्याच खुर्चीवर बसून तोच रेडिओ दुरुस्त करायचा. वहिनी दोन वेळा ताट वर आणायच्या. पहिले काही दिवस आम्ही पाऊसपाण्यावरच बोललो. नवव्या दिवशी त्या ताट ठेवून दारातच थांबल्या.

"खारूने रक्त दिलं," म्हणाल्या. "दोनशे पंच्याण्णव निघालं."

मी घास खाली ठेवला. "काय म्हणाली?"

"काही नाही. तलावावर गेली." वहिनींनी पदराने ताटाची कड पुसली, ती स्वच्छच होती. "त्या दिवशी तुम्ही बोलला नसतात तर तिने दिलं नसतं. ते सांगायचं तर तुम्हीच सांगायला हवं होतं. पण भावजी, आठ वर्षं?" त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. जिना उतरताना त्या मध्येच थांबल्या हे पावलांवरून कळलं. मग पुन्हा चालू लागल्या.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी डोळ्यांचा पिवळेपणा गेला. डॉक्टरीणबाईंनी एकेक औषध परत सुरू केलं, दर थोड्या दिवसांनी रक्त काढून, अंधारात जिना उतरताना पाय चाचपून टाकावा तसं. लाल औषध परत आलं आणि लघवी पुन्हा केशरी झाली. मला खोकला आता क्वचितच यायचा. वजन दीड किलो वाढलं. अखेर कोलेस्टेरॉलची गोळीही परत आली, वेगळ्या जातीची, लाल औषधाला तितकीशी न दबणारी. पाकीट हिरवं. औषधवाला म्हणाला, आता हे लक्षात ठेवायला हवं. मी सगळं ठरल्यासारखं घेत होतो आणि खालच्या घरात खारूचा आवाज ऐकत होतो. ती फोनवर बोलायची, भांडी आपटायची, गुणगुणायची. जिन्यात समोर आली तर भिंतीला सरून मला वाट द्यायची आणि म्हणायची, "या." एकदा मी तिला काही म्हणायला तोंड उघडलं. तिने थांबून वाट पाहिली. माफ कर म्हणायचं तर ज्याला म्हणायचं तो किटली अर्धी ठेवून गेला होता.

आणखी पाच आठवडे असे गेले. मग एका सकाळी, मी कामावर परत जायच्या पहिल्या दिवशी, दारावर टकटक झाली. दार उघडलं तर खारू. खांद्याला पोहण्याची पिशवी, केस आवळून बांधलेले. तिने खिशातून एक पाकीट काढलं आणि माझ्यासमोर धरलं. पांढरं, निळ्या पट्टीचं, नवं, अजून एकही गोळी न काढलेलं.

"ही सकाळी घ्यायची की संध्याकाळी?" तिने विचारलं.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. आठ वर्षं घेतलेली गोळी, मला नाही तर कुणाला माहीत असणार? मी तोंड उघडलं. तिचा चेहरा यावेळी मी नीट पाहिला. डाव्या डोळ्याखाली पोहण्याच्या चष्म्याच्या रबराचा कायमचा वळ होता, ओठ मिटलेले, जुळलेल्या भुवया जराही हलत नव्हत्या. ती वाट बघत होती. मी म्हटलं, "मला नको विचारूस. डॉक्टरांना विचार. त्या सांगतील तसंच घे. मीच काय, कुणीही काही म्हटलं तरी."

"विचारलंय त्यांना," ती म्हणाली. "तू काय सांगतोस ते बघत होते."

तिने पाकीट खिशात टाकलं आणि जिना उतरायला लागली, दोन दोन पायऱ्या गाळत. खालचं फाटक वाजेपर्यंत मी तिथेच उभा होतो. मग हात दुखतोय असं वाटलं, चांगलाच दुखत होता. खाली पाहिलं तर दाराची कडी मी मुठीत आवळून धरली होती आणि तिची कड तळव्यात रुतली होती.